वजन तेच, शरीर निराळे

दरवर्षी शाळा सुरू झाली की मुलांची उंची आणि वजन मोजून वहीत भरण्याचे काम आपल्यापैकी बहुतेक शिक्षकांनी केलेले असते. भिंतीवर आखलेली पट्टी, एक वजनकाटा आणि वही एवढीच सामग्री. अशा वेळी एखाद्या चौकस विद्यार्थ्याने विचारले, "सर, माझे वजन ४५ किलो, म्हणजे ४५ किलो नेमके काय?" तर काय उत्तर द्याल? हाडे किती, स्नायू किती, पाणी किती आणि चरबी किती? जिवंत माणसाच्या बाबतीत हे घटक वेगवेगळे काढून काट्यावर ठेवता येत नाहीत. म्हणून दुसरेच काहीतरी मोजायचे आणि त्यावरून चरबीचा अंदाज बांधायचा, हा एकच मार्ग उरतो. शरीरातील घटकांचे प्रमाण शोधण्याच्या सर्व पद्धती अशाच आडवाटेने जातात.

आडवाटेने जाताना काहीतरी गृहीत धरावे लागते. ते गृहीत बरोबर असेल तोपर्यंत उत्तर बरोबर. पण ज्या माणसाच्या शरीरात ते गृहीतच मोडले आहे, त्याचे काय? मेरुरज्जूला इजा झालेल्या माणसांच्या बाबतीत हा प्रश्न फार गंभीर आहे, कारण तेथे चुकीच्या उत्तराची किंमत त्या माणसाच्या प्रकृतीला मोजावी लागते.

काट्याची फसगत

प्रथम एक जुने उदाहरण पाहू. १९४२ साली अमेरिकेच्या नौदलातील डॉक्टर अल्बर्ट बेहन्के आणि त्यांचे सहकारी यांनी २५ व्यावसायिक फुटबॉल खेळाडूंची तपासणी केली. उंची व वजन यांच्या त्या वेळच्या तक्त्यांप्रमाणे यांपैकी १७ जण सैन्यात घेण्यास अयोग्य ठरण्याइतके 'जाड' होते. बेहन्के यांनी या खेळाडूंच्या शरीराची घनता मोजली. ती चांगलीच जास्त निघाली. त्यांचे जादा वजन चरबीचे नव्हते, कसलेल्या स्नायूंचे होते. तक्त्याने धडधाकट माणसांना नापास केले होते.

आता याच्या अगदी उलट परिस्थितीची कल्पना करा. माणसाचे वजन तक्त्याप्रमाणे योग्य आहे, किंबहुना थोडे कमीच आहे. तक्ता त्याला पास करतो. पण आत स्नायू झिजलेले आहेत आणि त्यांची जागा चरबीने घेतली आहे. मेरुरज्जूच्या इजेनंतर नेमके हेच घडते.

इजेनंतर शरीरात काय होते?

पाठीच्या कण्याच्या आतून जाणारा मेरुरज्जू हा मेंदू आणि शरीर यांच्यामधला निरोप्या आहे. उंचावरून पडल्यामुळे किंवा वाहनाच्या अपघातात तो दुखावला, तर इजेच्या खालच्या भागाकडे मेंदूच्या आज्ञा पोहोचत नाहीत. इजा पाठीच्या किंवा कमरेच्या पातळीवर असेल तर पाय लुळे पडतात. मानेच्या पातळीवर असेल तर हातही कमीअधिक प्रमाणात निकामी होतात.

आज्ञा मिळाली नाही की स्नायू आकुंचन पावत नाही आणि न वापरलेला स्नायू झपाट्याने बारीक होतो. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की संपूर्ण इजेनंतर २४ आठवड्यांनी पायांतील निरनिराळ्या स्नायूंच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ तुलनेसाठी घेतलेल्या धडधाकट व्यक्तींच्या मानाने ४५ ते ८० टक्के एवढेच उरले होते. पायांवर शरीराचा भार पडत नसल्याने तेथील हाडांतील खनिजेही कमी होतात. हाडे, विशेषतः गुडघ्याच्या आसपासची, ठिसूळ होतात. चालताना पिंढरीचे स्नायू रक्त वर ढकलण्याचे काम करतात. ते थांबल्याने पायांत पाणी साचून सूज येऊ शकते. स्नायू कमी झाल्यामुळे स्वस्थ पडून असतानाही शरीराला लागणारी ऊर्जा कमी होते. जेवण मात्र पूर्वीएवढेच राहिले, तर उरलेली ऊर्जा चरबीच्या रूपाने साठते.

हा फरक इजेमुळेच पडतो कशावरून? एखाद्याची ठेवणच तशी असेल! या शंकेचे निरसन करण्यासाठी न्यूयॉर्कमधील संशोधकांनी एकरूप जुळ्या भावांच्या जोड्या शोधल्या. प्रत्येक जोडीतील एका भावाला मेरुरज्जूची इजा झालेली होती, दुसरा धडधाकट होता. आनुवंशिकता तीच, बालपण तेच. २००० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात इजा झालेल्या भावांच्या शरीरात स्नायू आदी चरबीविरहित भाग कमी आणि चरबी जास्त आढळली.

भागाकार एक, अर्थ दोन

वजनाला उंचीच्या वर्गाने भागले की 'बॉडी मास इंडेक्स' किंवा शरीर-वस्तुमान निर्देशांक मिळतो. वजन किलोग्रॅममध्ये आणि उंची मीटरमध्ये घ्यायची. हा भागाकार बेल्जियमचे गणिती व खगोलशास्त्रज्ञ ॲडॉल्फ केटले यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मांडला. माणसांच्या वाढीत काही गणिती नियम दिसतो का, हे त्यांना पाहायचे होते. एखादा माणूस लठ्ठ आहे की नाही हे ठरवण्याचा त्यांचा हेतू नव्हता. आजचे नाव १९७२ साली अँसेल कीज यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिले, तेही पाच देशांतील निरोगी पुरुषांची मापे अभ्यासून.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका तरुणाची उंची १.७० मीटर, वजन ७० किलो आणि त्यात चरबी १४ किलो, म्हणजे २० टक्के आहे. त्याचा निर्देशांक ७० ÷ २.८९ = २४.२ येतो. अपघातानंतर काही काळाने त्याचे वजन ६५ किलो झाले. स्नायू, हाडे वगैरे मिळून १०.५ किलो घटले आणि चरबी ५.५ किलोंनी वाढून १९.५ किलो झाली. चरबीचे प्रमाण आता ३० टक्के आहे. निर्देशांक मात्र ६५ ÷ २.८९ = २२.५, म्हणजे पूर्वीपेक्षा 'सुधारलेला'! आकडा सुधारला आणि प्रकृती बिघडली.

प्रत्यक्षातही असेच दिसते. न्यूयॉर्कच्या याच संशोधकांनी २००३ साली इजा झालेल्या १३३ पुरुषांची तुलना १०० धडधाकट पुरुषांशी केली. निर्देशांक सारखा असताना इजा झालेल्यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण सरासरीने १३ टक्क्यांनी जास्त निघाले.

अशा फसगतीचे एक उदाहरण पुण्याचेही आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन शास्त्रज्ञांचे एक छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोघांचाही निर्देशांक २२.३ होता. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होती. युरोपीय लोकांवरून ठरलेली मर्यादा भारतीयांना जशीच्या तशी लागू पडत नाही, हे त्यावरून सहज पटते. दोघेही धडधाकट असताना एवढा फरक पडतो. मग ज्याचे निम्मे शरीर हालचालच करत नाही, त्याच्या बाबतीत किती पडेल?

शिवाय वजन आणि उंची मोजणे हेच अशा व्यक्तीच्या बाबतीत सोपे नसते. चाकाच्या खुर्चीसकट वजन करून मग रिकाम्या खुर्चीचे वजन वजा करावे लागते. उंची झोपवून मोजावी लागते आणि पाय आखडलेले असतील तर तीही चुकते. उंचीचा तर वर्ग करायचा असतो. उंचीत २ टक्के चूक झाली, तर निर्देशांकात सुमारे ४ टक्के होते.

पोचट शेंगांचा हिशेब

निर्देशांक फसवा म्हणून अधिक चांगल्या पद्धतींकडे वळावे, तर त्यांचीही गृहीते तपासावी लागतात. हे समजण्यासाठी भुईमुगाच्या शेंगांचे उदाहरण घेऊ. पोत्यातून दाणे किती निघतील हे पाहण्यासाठी मूठभर शेंगा फोडून दाण्यांचा उतारा काढतात. समजा किलोला ७०० ग्रॅम दाणे निघाले. पण हा उतारा चांगल्या पिकाचा आहे. पाऊस न झालेल्या शेतातील पोचट शेंगांना तोच लावला, तर हिशेब चुकणारच. काट्यात दोष नाही, गुणाकारात चूक नाही, चुकला तो उतारा. मेरुरज्जूची इजा झालेल्या माणसाला धडधाकट माणसाचा उतारा लावला, की असेच होते.

आर्किमिडीजची पद्धत

बेहन्के यांनी वापरलेली पद्धत आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असलेल्या आर्किमिडीजच्या तत्त्वावर आधारलेली आहे. माणसाचे वजन हवेत करायचे, मग पूर्ण श्वास सोडायला लावून पाण्याखाली करायचे. दोन्ही वजनांतील फरकावरून शरीराचे आकारमान आणि त्यावरून घनता मिळते. चरबीची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे ०.९०० ग्रॅम, तर चरबी वगळून उरलेल्या शरीराची सुमारे १.१०० ग्रॅम धरतात. या दोन आकड्यांवरून विल्यम सिरी यांनी मांडलेले आणि १९६१ साली प्रसिद्ध झालेले सूत्र असे आहे:

चरबीचे शेकडा प्रमाण = (४९५ ÷ घनता) − ४५०

घनता १.१०० घातली तर उत्तर शून्य येते, ०.९०० घातली तर शंभर. विद्यार्थ्यांकडून हा ताळा जरूर करून घ्यावा.

पण १.१०० हा आकडा आला कोठून? मोजक्या मृतदेहांच्या रासायनिक पृथक्करणावरून असे धरले गेले, की चरबीविरहित भागात पाणी ७३.८, प्रथिने १९.४ आणि खनिजे ६.८ टक्के असतात. पाण्याची घनता सुमारे १, प्रथिनांची १.३४ आणि खनिजांची ३ च्या आसपास. या मिश्रणाची घनता जवळजवळ १.१०० भरते. यात खनिजे थोडीच असली तरी घनता वाढवण्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

आता समजा इजेनंतर हाडे विरळ होऊन खनिजे ५.८ टक्क्यांवर आली आणि सुजेमुळे पाणी ७५ टक्के झाले. उरलेली १९.२ टक्के प्रथिने. या मिश्रणाची घनता १.०९० येते. ती सिरी यांच्या सूत्रात घातली, तर चरबीचा एक कणही नसलेल्या या मिश्रणात ४ टक्के चरबी 'सापडते'! आपल्या उदाहरणातील तरुणाची खरी चरबी ३० टक्के. या पद्धतीने ती सुमारे ३३ टक्के दिसेल.

व्यवहारातील अडचण वेगळीच. ज्याचे हातपाय चालत नाहीत आणि मानेजवळच्या इजेमुळे श्वासाचे स्नायूही दुबळे आहेत, त्याने पूर्ण श्वास सोडून पाण्याखाली स्थिर कसे बसायचे? यावर पाण्याऐवजी बंद कक्षातील हवेच्या दाबावरून आकारमान काढण्याची युक्ती निघाली आहे. पण त्यामुळे फक्त बुडी वाचते. १.१०० चे गृहीत तसेच राहते.

पाण्याचा मागोवा

दुसरी पद्धत शरीरातील पाणी मोजण्याची. ड्युटेरिअम हा हायड्रोजनचा जड समस्थानिक असलेले थोडे पाणी पिण्यास देतात. काही तासांत ते शरीरातील पाण्यात सर्वत्र मिसळते. मग लाळ किंवा लघवीचा नमुना घेऊन ते किती विरळ झाले हे पाहतात. बादलीत ठरावीक रंग टाकून त्याच्या फिकटपणावरून पाणी किती हे ओळखण्यासारखाच हा प्रकार आहे. चरबीत पाणी जवळजवळ नसते आणि चरबीविरहित भागात ते सुमारे ७३ टक्के असते असे धरून पुढचा हिशेब होतो.

आपल्या तरुणाचे वजन ६५ किलो, चरबी १९.५ किलो, म्हणून चरबीविरहित भाग ४५.५ किलो. त्यात पाणी ७५ टक्के म्हणजे ३४.१ किलो. ७३ टक्क्यांच्या हिशेबाने हा भाग ४६.७ किलो वाटेल आणि चरबी २८ टक्के दिसेल. माणूस एकच, घनता सांगते ३३, पाणी सांगते २८, आणि खरे उत्तर ३०. दोन्ही उपकरणे अचूक आहेत. एकाच बदलामुळे त्यांची गृहीते मात्र विरुद्ध दिशांना ढळली आहेत.

विजेचा रोध

व्यायामशाळांत आणि दुकानांत 'चरबी दाखवणारे' वजनकाटे मिळतात. ते शरीरातून अतिशय सौम्य असा प्रत्यावर्ती प्रवाह सोडतात. पाणी व क्षार असलेल्या स्नायूंतून वीज सहज जाते, चरबीतून कष्टाने. दहावीच्या पुस्तकातील रोधाचे सूत्र थोडे फिरवून लिहिले तर असे होते:

आकारमान = रोधकता × लांबी² ÷ रोध

पण हे एकसारख्या जाडीच्या वाहकासाठी आहे. शरीर तसे नाही. हात आणि पाय अरुंद, धड रुंद. त्यामुळे वजनाने जवळजवळ निम्मे असलेले धड एकूण रोधात फक्त दहाव्या हिश्श्याच्या आसपास भर घालते. उरलेला रोध हातापायांचा असतो. धडधाकट माणसांत हातापायांवरून धडाचा अंदाज बांधता येतो, कारण त्यांचे परस्पर प्रमाण ठरलेले असते. चाकाची खुर्ची रोज हाताने ढकलणाऱ्याचे दंड भरलेले आणि मांड्या वाळलेल्या असतात. केवळ हातात धरायचे यंत्र त्याच्या पायांची दशा पाहतच नाही. पायांत सूज असेल तर रोध कमी होतो आणि यंत्राला ते साचलेले पाणी स्नायूच वाटतो. अनवाणी उभे राहण्याचे यंत्र तर त्याच्या उपयोगाचेच नाही.

चिमटा आणि क्ष-किरण

कातडीची घडी चिमट्यात पकडून तिची जाडी मोजणे ही स्वस्त पद्धत. १९७४ साली डर्निन व वॉमर्स्ली यांनी ४८१ स्त्रीपुरुषांवरून त्यासाठी सूत्रे दिली. त्यांत कातडीखालची चरबी आणि आतली चरबी यांचे प्रमाण ठरावीक धरलेले आहे. इजेनंतर चरबी पोटाच्या आत आणि लुळ्या स्नायूंच्या धाग्यांमध्ये साठते. तेथे चिमटा पोहोचत नाही.

सध्या रुग्णालयांत जास्त विश्वास आहे तो 'डेक्सा' या तपासणीवर. यात दोन वेगवेगळ्या ऊर्जांचे क्ष-किरण शरीरातून पाठवतात. दोन ऊर्जा म्हणजे दोन समीकरणे, आणि दोन समीकरणांतून दोन अज्ञात राशी निघतात. जेथे हाड नाही तेथे चरबी व इतर मऊ ऊती वेगळ्या करता येतात. जेथे हाड आहे तेथे हाड आणि मऊ ऊती वेगळ्या होतात, पण त्या ऊतींत चरबी किती हे शेजारच्या भागावरून धरून चालावे लागते. हात, पाय, धड यांचे आकडे वेगवेगळे मिळतात, हा मोठा फायदा. क्ष-किरणांची मात्राही अगदी थोडी असते. अडचणी आहेतच. कणा सांधण्यासाठी बसवलेल्या धातूच्या पट्ट्या हाडाच्या मापात गोंधळ करतात. लुळ्या पायांना अचानक झटके येतात आणि चित्र हलते. सुजेचे पाणी येथेही चरबीविरहित भागातच मोजले जाते.

मग खरे उत्तर कसे मिळवायचे? वजन, आकारमान, पाणी आणि हाडांतील खनिजे या चारही गोष्टी स्वतंत्रपणे मोजून एकत्र हिशेब करायचा. जेवढ्या गोष्टी प्रत्यक्ष मोजाव्यात, तेवढी गृहीते कमी. ही पद्धत खर्चिक आहे, म्हणून ती मुख्यतः संशोधनात वापरतात आणि सोप्या पद्धती तिच्यावर घासून पाहतात.

एवढा खटाटोप कशासाठी?

१९९४ साली अमेरिकेत मेरुरज्जूची इजा झालेल्या १०० माजी सैनिकांची रक्तातील साखर तपासली गेली. २२ टक्के मधुमेही निघाले. तुलनेच्या धडधाकट गटात हे प्रमाण ६ टक्के होते. चरबी वाढते आहे हे वेळीच कळले, तर आहार कमी करता येतो, हातांचे व्यायाम वाढवता येतात, साखर नियमित तपासता येते. पण तक्त्याने "वजन योग्य" असे सांगितले, तर ही तपासणी होतच नाही. मूत्रपिंडाच्या चाचणीतही असाच धोका आहे. रक्तातील क्रिएटिनीन हे स्नायूंपासून तयार होते. स्नायूच कमी असतील तर ते कमी बनते, आणि मूत्रपिंड बिघडलेले असूनही आकडा समाधानकारक दिसू शकतो.

म्हणून अशा व्यक्तींसाठी वेगळ्या मर्यादा सुचवल्या गेल्या आहेत. कॅनडातील संशोधकांनी २००९ साली असे मांडले, की त्यांच्या बाबतीत निर्देशांक २२ च्या वर गेला तरी लठ्ठपणाचा संशय घ्यावा. सर्वसाधारण लोकांसाठी ही मर्यादा ३० आहे. आपला २२.५ चा तरुण या मर्यादेने लगेच लक्षात येतो. नंतर कमरेच्या घेराचाही अभ्यास झाला आणि २०१४ साली हृदयविकाराच्या धोक्यासाठी ९४ सेंटिमीटर ही मर्यादा सुचवली गेली. एक साधी टेप आणि योग्य मर्यादा एवढ्यावर गावातील दवाखान्यातही पहिली चाचणी होऊ शकते.

वर्गात हे समजावून देण्यासाठी एक प्रयोग करता येईल. १०० ग्रॅम भरलेल्या शेंगा फोडून दाण्यांचे वजन करा आणि उतारा काढा. मग १०० ग्रॅम पोचट शेंगा निवडून, न फोडता, त्याच उताऱ्याने दाण्यांचे वजन वर्तवा. नंतर फोडून प्रत्यक्ष वजन करा. दोन आकड्यांतील फरक विद्यार्थ्यांना वहीत लिहू द्या आणि विचारा, चूक कोठे झाली? काट्यात की आपल्या समजुतीत? हे उत्तर ज्याला सापडले, तो पुढे कोणत्याही तक्त्यापुढे बसला तरी आधी विचारेल, की हा तक्ता कोणाची मापे घेऊन तयार झाला आणि समोरचा माणूस त्यांच्यापैकी आहे का.